हौसेचे मोल

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. परवडत नसताना घेतलेल्या पैठणीपासून नातवाच्या बारशाला पंक्तीमागून पंक्ती उठवणाऱ्या आजोबांपर्यंत सगळ्यांना ही म्हण पाठीशी घालते. एका अर्थी ती खरी आहे. हौसेचा आनंद बाजारभावाने मोजता येत नाही. पण ‘मोल नसते’ म्हणजे ते कोणालाच द्यावे लागत नाही, असा दुसरा अर्थही तिच्यात हळूच शिरतो, आणि तो खोटा आहे. प्रत्येक हौसेचे मोल कोणीतरी देत असते. कधीकधी हौस करणारा एक असतो आणि मोल देणारा दुसराच. वेगाच्या हौसेत हे वरचेवर घडते, म्हणून तिच्याविषयी नीट विचार करावा असे मला बरेच दिवस वाटत होते.

मी अनुवादक आहे, माहेर बेळगावचे, वीस वर्षे बंगळुरूत राहते. माझ्या ओळखीचे लोक मला पुस्तकांत डोके घालून बसणारी समजतात. वर्षातून दोनतीनदा मी हेल्मेट घालून, माझी जुनी हॅचबॅक घेऊन ट्रॅकवर जाते, हे कळले की ते आधी हसतात आणि मग विचारतात, ‘पण कशासाठी?’ या प्रश्नाचे सोपे उत्तर ‘मजा येते’ हे आहे. अवघड प्रश्न त्याच्या मागे उभा असतो: ही मजा घेण्याचा मला अधिकार आहे का?

बंगळुरूत स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांचे क्लब आहेत, आणि साध्याच पण चपळ गाड्यांवर जीव असणाऱ्यांचेही आहेत. मात्र मोटारींसाठीचा मोठा, कायमचा ट्रॅक शहरात नाही. त्यामुळे हे क्लब तमिळनाडूत जातात: कधी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, अधिक वेळा श्रीपेरुंबुदुरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने बांधलेला हा ट्रॅक १९९० साली सुरू झाला. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणे बारा. त्याआधी मद्रासच्या शर्यती शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या धावपट्टीवर होत. क्लब एखाद्या दिवसासाठी ट्रॅक भाड्याने घेतो आणि सभासद आपापल्या रोजच्या गाड्या तिथे पळवतात. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी सांगायला हवे. कोणी पहिला येत नाही, कोणाला करंडक मिळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी वेळही अधिकृतपणे मोजली जात नाही. सकाळी गाडीची तपासणी होते: ब्रेक पॅड किती उरले आहेत, टायर कसे आहेत, डिकीतले सुटे सामान आणि पायाखालची मॅट काढली आहे का. मग सगळ्यांना बसवून नियम सांगतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणालाही ओलांडू नका. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. काळा झेंडा तुमच्या एकट्यासाठी असतो: काहीतरी चुकते आहे, आत या आणि आमच्याशी बोला. नवशिके, मधले आणि मुरलेले असे गट पाडतात आणि एकेका गटाला पंधरावीस मिनिटे सोडतात.

यांतला एक नियम मला सगळ्यांत विचार करायला लावतो. पुढच्या गाडीला फक्त सरळ पट्ट्यावर ओलांडायचे, आणि तेही पुढच्याने हाताने किंवा इंडिकेटरने खूण केल्यावरच. तुमची गाडी कोटीची असो आणि पुढे माझी पाच लाखांची असो, मी हात दाखवेपर्यंत तुम्ही मागेच. वेगाच्या या जागेत वाट देण्याचा अधिकार हळू जाणाऱ्याच्या हाती आहे. पूर्वी ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेले असे. मागच्याने हॉर्न द्यावा, पुढच्याने रस्ता मोकळा बघून हात हलवावा, असा तो संवाद होता. हॉर्नचा गोंगाट वाढला म्हणून महाराष्ट्राने २०१५ साली ती अक्षरे बंद केली. संवाद त्याआधीच संपला होता, हॉर्न तेवढा उरला होता.

ट्रॅकहून परतल्यावर बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर याचे उलटे चित्र दिसते. टॉमटॉम कंपनीच्या पाहणीनुसार २०२३ साली या शहराच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटे १० सेकंद लागत होती. म्हणजे ताशी एकवीस किलोमीटर. चांगला सायकलस्वार तेवढ्या वेगाने जातो. तरीही या रांगणाऱ्या शहरात जो तो दुसऱ्याला न विचारता पुढे घुसत असतो. वेग आणि आक्रमकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ट्रॅकमुळे नेमके समजले. ट्रॅकवर वेग आहे आणि विचारणे आहे. रस्त्यावर वेग नाही आणि विचारणेही नाही.

पण एवढ्यावर समाधान मानणे सोपे होईल. वेगाचा विषय निघाला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आज दुसरीच गाडी येते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शेने मोटरसायकलवरच्या दोघा तरुण अभियंत्यांना धडक दिली आणि ते दोघेही मरण पावले. दोघांचे वय चोवीस. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, तो प्यायलेला होता, असे पोलिसांचे म्हणणे. ती गाडी बंगळुरूच्या विक्रेत्यामार्फत आली होती आणि तात्पुरत्या नोंदणीवर महाराष्ट्रात गेली होती. कायम नोंदणीसाठीचे १,७५८ रुपये भरायचे राहिले होते, असे परिवहन विभागाने तेव्हा सांगितले. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. लोक भडकले, तीन दिवसांत आदेश बदलला. न्यायालयात जे ठरायचे ते ठरेल. माझा प्रश्न वेगळा आहे.

पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४८ साताऱ्या-कोल्हापुरावरून, माझ्या बेळगावाला लागून, हुबळीमार्गे बंगळुरूला येतो आणि पुढे कृष्णगिरी, वेल्लोर करत श्रीपेरुंबुदुरला जातो. बेळगावात त्याच्या जुन्या वाटेला अजूनही पी. बी. रोडच म्हणतात, पूना-बेंगलोर रोड. एकाच रस्त्यावर ही दोन ठिकाणे आहेत. तशीच गाडी, तसाच वेग. एका ठिकाणी तो गुन्हा आणि दुसऱ्या ठिकाणी रविवारची करमणूक. फरक फक्त जागेचा आहे का? कायदा बऱ्याच अंशी तसेच म्हणतो. बेदरकार वाहन चालवण्याचे जुने कलम २७९ सार्वजनिक मार्गापुरते होते, त्याची जागा घेणारे नव्या संहितेतले कलम २८१ ही तसेच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सरकारी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणाऱ्याला शिक्षा सांगते. कुंपणाच्या आत ही कलमे पोहोचत नाहीत. पण कायदा पोहोचत नाही म्हणून नीतीही कुंपणाबाहेर थांबते, असे कोणी म्हणणार नाही.

इथे मला तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांचे एक उदाहरण उपयोगी पडते. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि नेगेल यांनी ‘नैतिक नशीब’ या विषयावर लिहिले. नेगेल म्हणतात, एक माणूस जास्त पिऊन गाडी चालवतो आणि त्याची गाडी फुटपाथवर चढते. तिथे कोणी नसेल तर तो निष्काळजी चालक. तिथे कोणी असेल तर तो मनुष्यवधाचा दोषी. त्याने केले ते दोन्ही वेळा तेच. फुटपाथवर कोण होते हे त्याच्या हातात नव्हते. तरी आपण त्या दोघांना सारखे मानत नाही, आणि तो स्वतःही मानणार नाही. आपल्या कृत्याचा कितीतरी भाग नशिबावर असतो, पण जबाबदारी सगळी आपल्यावर येते.

हे वाचले तेव्हा मला ट्रॅक म्हणजे काय ते वेगळ्या रीतीने समजले. ट्रॅक ही फुटपाथ काढून टाकलेली जागा आहे. वळणाबाहेर रुंद मोकळी जमीन, रेतीखडीचा पट्टा, टायरांची भिंत, सगळ्या गाड्या एकाच दिशेने, समोरून कोणी नाही, शाळेतून येणारे मूल नाही, कुत्रा नाही, दूधवाला नाही. माणूस चुकणारच हे धरून चुकीसाठी जागा राखून ठेवली आहे. माझी चूक तिथे बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येते: गाडी खडीत रुतते, मान खाली जाते, दुरुस्तीचा खर्च येतो. आपल्याकडच्या मोटार विम्यात तर स्पष्टच लिहिलेले असते की आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांत झालेले नुकसान कंपनी देणार नाही. विमा म्हणजे नशीब चारचौघांत वाटून घेणे. ट्रॅकच्या फाटकाशी चारचौघे बाजूला होतात. पुढचे नशीब तुमचे तुम्ही.

आमच्या क्लबातले लोक ट्रॅकचे समर्थन वेगळे करतात. इथे हौस फिटली की रस्त्यावर माणूस शांत होतो, असे ते म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेबद्दल जे म्हटले, भय आणि करुणा जागवून त्यांचे विरेचन करणे, त्याचीच ही पेट्रोलवर चालणारी आवृत्ती आहे. अडचण अशी की नीतीविषयी लिहिताना तोच ॲरिस्टॉटल सांगतो की माणूस जे वारंवार करतो तसा तो घडत जातो. मग वेगात वारंवार बसणारा वेगाने रिता होतो की वेगाने भरत जातो? दोन्ही प्रकारची माणसे मी पाहिली आहेत. ट्रॅकवरून बाहेर पडल्यावर महामार्गावर ऐंशीच्या वर न जाणारे आहेत, आणि त्याच संध्याकाळी अंबुरच्या आसपास ट्रकच्या डावीकडून सुसाट निघून जाणारेही आहेत. दुसऱ्या प्रकारच्या माणसाने ट्रॅकवर दिवस काढला, पण तिथून फक्त वेग उचलला. झेंडा, तपासणी, हात दाखवण्याची वाट बघणे हे सगळे त्याने फाटकापाशी ठेवून दिले. म्हणून विरेचनाचा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. ट्रॅक माणसाला आपोआप चांगला करत नाही. तिथे काय काय शिकता येते ते समोर मांडून ठेवलेले असते, उचलायचे काय ते ज्याचे त्याने ठरवायचे.

दुसरे समर्थन संमतीचे. इथे येणारा प्रत्येक जण आपण होऊन आला आहे, फॉर्मवर सही करून आला आहे, मग इतरांचे काय बिघडते? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये हा विचार मांडला: दुसऱ्याला अपाय होत नसेल तर माणसाच्या वाटेत येण्याचा अधिकार समाजाला नाही. आगरकरांच्या पिढीने मिल मन लावून वाचला आणि आपल्याकडच्या व्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत तो मुरला. मीही पुष्कळ काळ या युक्तिवादाच्या आधाराने निर्धास्त होते. पण संमतीचे वर्तुळ जरा नीट आखायला गेले की रेष हलू लागते.

वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला मार्शल पाहा. त्याने संमती दिलेली आहे. पुष्कळ ठिकाणी तो हौसेने आलेला स्वयंसेवक असतो. पण माझ्या मजेत त्याचा वाटा काय? तो उन्हात दिवसभर उभा राहतो, गाडी चालवत नाही, आणि गाडी त्याच्या दिशेने येऊ शकते. २००० साली मोंझा येथे आणि २००१ साली मेलबर्न येथे फॉर्म्युला वनच्या शर्यतींत तुटून उडालेल्या चाकाने एकेका मार्शलचा जीव घेतला. त्याही आधी, १९५५ साली ल मान्स येथे एक मर्सिडीज प्रेक्षकांत कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. प्रेक्षकांनी तिकीट काढले होते, मरणाला होकार दिला नव्हता. स्वित्झर्लंडने त्यानंतर ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींवर बंदी घातली. ट्रॅक डेला इतके वेग नसतात आणि प्रेक्षकही जवळजवळ नसतात, पण प्रश्नाची जात तीच आहे.

मग घरचे लोक. त्या फॉर्मवर अपघात झाल्यास आयोजकांना जबाबदार धरणार नाही असे लिहून द्यावे लागते, आणि खाली एक रकाना असतो: आपत्कालीन संपर्क. तिथे मी नवऱ्याचा नंबर लिहिते. एकदा माझी मुलगी तो कागद वाचत बसली होती. ती म्हणाली, ‘आई, यात बाबांचा फक्त फोन नंबर घेतलाय. सही का नाही घेतली?’ मी तिला काही तरी सांगून वेळ मारून नेली, पण तिचे म्हणणे खरे होते. माझे शरीर माझे आहे, हे कायद्याने खरे आहे. ज्या घरात आपण जेवतो, ज्या म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे आपण लक्षात ठेवतो, ज्या मुलीच्या पुढच्या दहा वर्षांत आपण लागणार आहोत, तिथे ‘माझे’ हा शब्द एवढा सुटसुटीत राहत नाही. अर्थात हा हिशेब ताणला तर गिर्यारोहण बंद, पोहणे बंद, बाळंतपणसुद्धा बंद करावे लागेल. घरच्यांचा नकार हा निकाल नव्हे. पण त्यांना विचारणे हा ओलांडण्याच्या नियमासारखा नियम असायला काय हरकत आहे? सरळ पट्टा बघावा, खूण मागावी, खूण मिळेपर्यंत मागे राहावे.

आणि सर्वांत कठीण गाठ मुलांची. इरुंगट्टुकोट्टईच्या याच ट्रॅकवर जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोटार शर्यतीत एकोणसाठ वर्षांचे एक अनुभवी चालक मरण पावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोटरसायकलच्या राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा तेरा वर्षांचा एक मुलगा गेला. या दोन्ही शर्यती होत्या, ट्रॅक डे नव्हते. पहिल्या मृत्यूचे दुःख होते, पण त्या माणसाने आयुष्यभर विचार करून ही वाट धरली होती, असे मनाला सांगता येते. दुसऱ्याबद्दल मनाला काय सांगायचे ते मला सापडत नाही. त्या मुलाच्या घरच्यांना बोल लावण्याचा अधिकार मला नाही. या खेळाची रचनाच अशी आहे की मोठेपणी तिथे पोहोचायचे असेल तर लहानपणीच सुरुवात करावी लागते. कोल्हापुरात मोहितेंच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, आणि अशा प्रवासांची सुरुवात छोट्या कार्टमध्ये बसलेल्या मुलांपासून होते. कौशल्याला जे वय लागते ते संमतीला पुरेसे नसते. ही गाठ कोणत्याही फॉर्मने सुटत नाही.

बैलगाडा शर्यतीचा वाद आठवून पाहा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. कर्नाटकातला कंबळाही त्याच निकालात होता. इतकी वर्षे चर्चा झाली ती बैलांच्या वेदनेची, कारण बैल सही करू शकत नाही. सही करू न शकणाऱ्याच्या वतीने आपण इतका विचार करू शकतो, ही आपल्या न्यायबुद्धीला शोभणारी गोष्ट आहे. तेवढाच विचार तेरा वर्षांच्या मुलाच्या वतीने आणि रस्त्यावरून चाललेल्या अनोळखी माणसाच्या वतीने व्हावा, एवढेच माझे म्हणणे.

अनुवादकाच्या सवयीने मी शेवटी शब्दांकडे वळते. ‘साहस’ हा आज कौतुकाचा शब्द आहे. साहसी खेळ, साहसी मुलगी, साहसकथा. पण धर्मशास्त्रात साहस हे गुन्ह्याचे नाव आहे. खटल्यांच्या अठरा प्रकारांत ते मोडते आणि नारदस्मृती त्याची व्याख्या बळाचा दर्प चढलेल्यांनी बळजोरीने केलेले कृत्य अशी करते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय वेगांविषयी आहे. तिथला वेग म्हणजे शरीराची आणि मनाची ओढ. भूक, तहान, शिंक, झोप असे तेरा वेग अडवू नयेत, असे चरक सांगतो. लगेच पुढे अडवायच्या वेगांची यादी येते, आणि तिच्या सुरुवातीलाच मन, वाणी आणि शरीर यांची अनुचित साहसे आहेत. वेग आणि साहस हे दोन्ही शब्द आपल्याला इतक्या जुन्या काळी एकत्र भेटतात. दर्प चढलेल्याची बळजोरी ते कौतुकाचे धाडस हा ‘साहस’ या शब्दाचा प्रवास मला नुसता अर्थबदल वाटत नाही. दोन्ही अर्थ अजून शिल्लक आहेत. कल्याणीनगरच्या रस्त्यावर जे झाल्याचा आरोप आहे ते नारदाच्या अर्थाने साहस. पुढच्याच्या खुणेची वाट बघत, झेंड्याकडे डोळे ठेवून वळण घेणे हे आजच्या अर्थाने. मध्ये उभा असतो तो दुसरा माणूस, त्याला विचारले की नाही एवढाच प्रश्न.

आपल्या बातम्यांची मराठी मात्र हा दुसरा माणूस आणि पहिला माणूस दोघांनाही झाकते. ‘भरधाव कारने दोघांना उडवले.’ वाक्याचा कर्ता कार. ‘ताबा सुटला आणि अपघात झाला.’ ताबा आपोआप सुटतो, अपघात आपोआप होतो, जसा पाऊस होतो. मी अनुवाद करते ती कन्नडही वेगळी नाही, तिथेही अपघात ‘होतो’. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतले सुमारे एकाहत्तर टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. इतकी क्रियापदे कर्त्याविना सोडणे आपल्याला परवडणारे नाही. ट्रॅकवर प्रशिक्षक शेजारी बसतो तेव्हा अशी वाक्ये चालत नाहीत. ‘तुम्ही ब्रेक उशिरा दाबला.’ ‘तुम्ही वळणाच्या आत बघत नव्हता.’ कर्ता परत जागेवर येतो.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. स्वतःच्या चुकीसाठी मोकळी जमीन विकत घेणे ही चैन आहे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे इंजिन घालून स्वस्त रेसिंग कार तयार केली, ती या खेळाचा उंबरठा थोडा खाली आणण्यासाठीच. १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले. कारी स्पीडवेला त्यांचे नाव आहे. उंबरठा अजूनही उंचच आहे. दिवसभरात जाळलेल्या टायर-पेट्रोलचा हिशेब माझ्याजवळ आहे, आणि तो मला अभिमानाने सांगता येणार नाही. त्याहून मोठी विषमता अशी की चुकीसाठी राखून ठेवलेली जागा मला महिन्याच्या पगारातून विकत घेता येते, पण आउटर रिंग रोड ओलांडणाऱ्या सफाई कामगार बाईला फुटपाथसुद्धा मिळत नाही. तिने कोणत्याही फॉर्मवर सही केलेली नाही, आणि शहरातल्या सगळ्या वाहनांच्या चुकांचा पट्टा तीच आहे.

मग मी जाते तरी का? मोल कोण देते ते पाहून हौस ठरवता येते, असे मला वाटते म्हणून. ट्रॅकवरचे बहुतेक मोल मी देते. जे इतर देतात, त्यांतल्या मोठ्यांना मला विचारता येते. मुलांना तिथे न्यावे का, याला माझ्याकडे ‘हो’ असे उत्तर नाही, आणि मी नेत नाही. आणि एक गोष्ट तिथे मिळते, ती फुकट नसते. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, हे शाळेत पाठ केले होते. ताशी शंभरवर गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. सगळी ताकद लावून ब्रेक दाबल्यावरही गाडी चाळीसेक मीटर पुढे जाऊन थांबते, आणि ते चाळीस मीटर किती लांब असतात ते पायाला, पाठीला आणि पोटाला कळले आहे. ज्याला हे अंगाने माहीत नाही, तो शाळेपुढून साठच्या वेगाने गेला तर त्याला अज्ञानाची तरी सबब आहे. मला ती नाही. ट्रॅकवर जाऊन आलेल्या प्रत्येकाने ही सबब स्वतःहून सोडून दिली आहे, मग त्याला ते कळो वा न कळो.

त्या मुलाला तीनशे शब्द लिहायला सांगितले तेव्हा आपण सगळे चिडलो, कारण दोन जीवांपुढे निबंध ही थट्टा वाटली. ती होतीच. पण त्या विषयावर लिहिण्याची गरज त्याच्या एकट्याची नव्हती, हेही तेवढेच खरे. गाडीची किल्ली हातात घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी बसून लिहून काढावे: माझ्या घाईचे, माझ्या मजेचे मोल कोण देतो, आणि त्याला मी विचारले आहे का. शब्दमर्यादा ज्याची त्याने ठरवावी.